अकरावा खिसा

कात्री टोकापर्यंत गेली, आणि मग फत्तेसिंगरावांच्या लक्षात आलं की आपण माया सोडलेलीच नाही. निळ्या टेरिकॉटचे दोन तुकडे टेबलावर पडले होते, खडूच्या रेघेवरून अगदी नेमके कापलेले. शिवणीसाठी रेघेबाहेर जे जादा कापड राखायचं त्याला शिंपी माया म्हणतात. त्यातून शाळेचा गणवेश असेल तर खालच्या दुमडीत आणखी चार बोटं ठेवायची, कारण पोरं जूनमध्ये असतात तेवढी मार्चमध्ये राहत नाहीत. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्या दहा बाय आठच्या दुकानात एक्केचाळीस वर्षं त्यांचा हात हे आपणहून करत आला होता. ताप असताना, वडील गेले त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, बायकोच्या, कमलाक्षीच्या बाळंतपणाची वाट बघतानासुद्धा. आणि आज गुरुवारी सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, नऊ वर्षांच्या वल्लरीच्या स्कर्टाला तो विसरला होता. त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले, उलटे करून पाहिले, जणू दुसऱ्या बाजूला ती चार बोटं निघणार होती. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात काही थरथरत नव्हता. उलट तो शांत होता, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

रविवारपासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे खरं. रविवारी सकाळी ताटात दोसा पडत असताना लेकीनं, सुप्रीतानं सांगितलं होतं, की मेटगळ्ळीच्या कारखान्यातली नोकरी तिनं सोडली. पर्मनंट नोकरी. न्यायला-आणायला कंपनीची बस, कँटीनमध्ये जेवण, दिवाळीला मिठाईचा डबा. ती सोडून पोरगी भोपाळला निघाली होती, एका फिरत्या नाटक कंपनीत. नाटकातले कपडे शिवायला, दुरुस्त करायला. आठ महिने गावोगाव तंबू टाकायचा, खेळ करायचा, तंबू काढायचा. त्यापुढं काय, ते कंपनीलाही ठाऊक नव्हतं. "चोवीस वय झालं अप्पा," सुप्रीता म्हणाली, "बसमध्ये बसते, उतरते, नगाला गेज लावून मापते, बसते, उतरते. सुम्ने, उगाच. काय उपयोग सांगा." मुलीच्या जातीला, अनोळखी माणसं, भाषा, आजारपण, असं बरंच काही एकदम तोंडाशी आलं, पण बाहेर पडायच्या आधीच पोरीनं हसून त्याला बूच लावलं. "तुम्ही गेला होता की. तुमचं वय तर माझ्याहून कमी. आजोबा ओरडले तरी गेलात." आणि तव्यापाशी उभ्या कमलाक्षीनं वर फोडणी घातली, "अय्यो, तुमच्याच रक्तावर गेली की ती. आता बसा. सर्कसचं रक्त कुठं जातंय?"

सर्कसची गोष्ट घरात देवघराइतकी जुनी होती. फत्तेसिंगराव विशीत असताना दसऱ्याच्या प्रदर्शनाशेजारच्या मैदानात एक सर्कस आली, तिच्या कपड्यांच्या दुरुस्तीचं काम त्यांच्या वडिलांच्या दुकानाला मिळालं, आणि मॅनेजरनं पोराचा हात बघून त्याला बरोबर नेलं. मग हुबळी, सोलापूर, नागपूर, तीन महिने. केंपा नावाचा सिंह. एकदा खेळ चालू असताना सिंहवाल्याच्या कोटाची शिवण पाठीवर उसवली, तो पिंजऱ्याबाहेर येऊ शकेना, आणि फत्तेसिंग सुई-दोरा घेऊन आत गेला. केंपा तीन हातांवर बसून बघत होता. फत्तेसिंगनं अकरा टाके घातले. हात थरथरला नाही, की भीतीला आपला पत्ता सापडत नाही, हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य. सुप्रीतानं ते सहावीत असताना शाळेच्या स्पर्धेत कन्नडमध्ये ठोकून बक्षीस आणलं होतं. विठ्ठल मंदिरात भजन संपल्यावर प्रसादाच्या रांगेत कुणी ना कुणी ती गोष्ट काढायचं. दुकानात तर ती धंद्याचं हत्यारच होती. माप देताना पोरं चुळबुळ करतात, टेप सरकते, फत्तेसिंगराव हळूच म्हणायचे, "हलू नको. सिंह बघतोय." पोर जागच्या जागी खिळायचं, आणि डोळे मोठे करून विचारायचं, कुठला सिंह? तेवढ्या वेळात छाती, कंबर, लांबी, तिन्ही मापं होऊन जायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी काही माणसं असतात. फत्तेसिंगरावांनी म्हैसूरच्या बाहेर पाच-सहा लग्नांपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, पण त्यांच्या हातात गोष्टीपुरता तरी सोन्याचा वाळा होता, आणि तो सगळ्यांना दिसायचा.

त्या गोष्टीतलं एक जॅकेट होतं. सर्कसच्या माणसांनी दिलेलं, अकरा खिशांचं. सुप्रीतानं सोमवारी मंडी मोहल्ल्यातून जाड कापड आणून त्यांच्या टेबलावर टाकलं होतं. "तसंच पायजे अप्पा. एक्झॅक्ट. तुम्हाला होतं तसं." आणि मग ती मोजत सुटली. छातीवर दोन. पोटाशी दोन, तिरपे. डाव्या बाहीवर खडूचा. आत सुयांचा, त्याला झडप. आत कात्रीचा, लांब. कुठल्या खिशात काय होतं तेही तिला पाठ. फत्तेसिंगराव मान हलवत होते आणि आतून गार पडत होते, कारण त्यांना स्वतःला त्यातले निम्मे खिसे आठवत नव्हते. कधीतरी पावसाळ्यात पोरगी गोवरानं पडली होती तेव्हा रोज दुपारी एक खिसा असे ते त्यांनी वाढवले होते. "आणि अकरावा पाठीत," ती म्हणाली, "आतून. परतीच्या तिकिटाचा. तुम्ही कधी उघडला नाही तो." ते म्हणाले, "हो. पाठीत." त्या दिवसापासून ते एक न घातलेलं जॅकेट शिवत होते. धंद्यात कुणी जुना कपडा आणून म्हणतं, अस्साच करा. तो समोर ठेवून माप घेता येतं. इथं समोर ठेवायला काहीच नव्हतं. प्रत्येक खिसा शिवताना आपलीच कुणीतरी झडती घेतंय असं त्यांना वाटायचं.

झालं होतं ते एवढंच. सर्कस आली होती, कपडे आले होते, टिकल्यांची चड्डी आणि फाटका कोट. मॅनेजरनं खरोखरच विचारलं होतं, येतोस का. वडील म्हणाले होते, जायचं तर जा, माझी कात्री नेऊ नकोस. फत्तेसिंगनं ती नेली. म्हैसूर स्टेशनात उभी दुपारची मीटरगेजची गाडी, खिडकीशी जागा, समोर सर्कशीतली एक बाई तांदूळ निवडत बसलेली. पिशवीत दोन सदरे, टेप, कात्री. तिच्या लोखंडाचं वजन मांडीवर जाणवत होतं. मग तहान लागली. खरंच लागली होती का? एक्केचाळीस वर्षं ते हेच स्वतःला विचारत आले होते. पिशवी बाकावर ठेवून तांब्या घेऊन तो खाली उतरला, नळाशी गेला, तांब्या भरला. शिट्टी झाली. गाडी इतकी हळू हलली, की एखादा म्हातारासुद्धा काठी टेकत चढला असता. खिडकीतून त्या बाईनं हात हलवला, ये ये म्हणाली. तो भरला तांब्या धरून उभा राहिला. पाणी सांडू नये म्हणून उभा राहिला, असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटत होतं. शेवटचा डबा गेला, रूळ दिसले, रुळांपलीकडं एक गाय दिसली. पिशवी गेली, कात्री गेली. तांब्यातलं पाणी तो प्यायलाच नाही.

घरी कुठल्या तोंडानं जायचं? तो जवळच्या नंजनगूडला मावशीकडे गेला आणि अकरा दिवस तिच्या अंगणात चिंचा फोडत बसला. पोट बिघडलं तेव्हा परत आला. लोक म्हणाले, आला रे सर्कसवाला, कुठपर्यंत गेलास? त्याला म्हणायचं होतं, कुठंच नाही. तोंडातून आलं, हुबळी. पहिलं खोटं लहानच असतं, ते अंगाला बसतं. मग माणूस वाढतो, लग्न होतं, पोरगी होते, आणि ते उसवून वाढवावं लागतं. अकरा दिवसांचे तीन महिने झाले, हुबळीचं नागपूर झालं, आणि लांबून एकदा पाहिलेल्या झोपाळू सिंहाला नाव मिळालं. मावशी वारली, आई वारली. वडिलांनी मात्र मरेपर्यंत कात्रीबद्दल एकदाही विचारलं नाही. पोरगा परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी कात्री आणून गुपचूप पोराच्या टेबलावर ठेवली होती. ते का विचारत नाहीत, हा काटा फत्तेसिंगरावांना सिंहाच्या गोष्टीनंतर दर वेळी टोचायचा. तीच कात्री आज वल्लरीच्या स्कर्टावरून सरळ गेली होती.

आता पोरगी त्याच गोष्टीच्या भरवशावर निघाली होती. ती कुणाच्या पावलावर पाऊल टाकत होती? पाऊल कुठं होतं? शुक्रवारी जॅकेट अंगावर घालून बघायला ती दुकानात आली. खांद्याला टाचण्या लावताना ते तिच्या मागं उभे होते, तिचा चेहरा दिसत नव्हता, सांगायला याहून सोपी जागा नव्हती. "सुप्री," ते म्हणाले. "हं?" "तुला भीती वाटत नाही?" "वाटते की. पण तुम्ही काय म्हणता, हात थरथरला नाही की झालं." तिनं दोन्ही हात पुढं करून त्यांना दाखवले. फत्तेसिंगरावांनी टाचणी स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. सांगावं? सांगितलं तर पोरगी थांबेल. आणि ती थांबावी अशी तर त्यांची रविवारपासून इच्छा होती. म्हणजे आपण खरं बोलायला निघालोय की तिच्या पायात दोर टाकायला? न सांगावं, तर ती भोपाळच्या कुठल्या तरी तंबूत, अंगात ताप, आजूबाजूला हिंदी, अशी पडलेली त्यांना दिसायची. आणि ती त्याही वेळी केंपाची आठवण काढून दात आवळणार. देवाला विचारावं तर तो विटेवर कमरेवर हात ठेवून उभा, तोही जागचा हललेला नाही. संध्याकाळी कमलाक्षी म्हणाली, "कशाला तोंड एवढंसं करून बसताय? तुम्ही गेलेला माणूस, तुम्हीच धीर दिला पायजे." ते म्हणाले, "सरी, सरी, बरं." आणि मशिनवर जाऊन बसले. दहा खिसे झाले होते. पाठीतल्या खिशाचा तुकडा त्यांनी कापला, चार वेळा जागेवर ठेवला, चार वेळा उचलला. तो काही शिवला गेला नाही.

शनिवारी दुपारी ते आणि सुप्रीता दोघंच स्टेशनवर आले. कमलाक्षीनं घरीच मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली होती, आणि गाडी सुटताना मला बघवणार नाही म्हणून ती उंबऱ्यातूनच आत वळली होती. गाडी बेंगळुरूपर्यंतची, तिथून बदलायची. स्टेशन आता ओळखू येत नव्हतं; मीटरगेज गेलं, फलाट वाढले, नळाच्या जागी पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं कपाट आलं. तरी फत्तेसिंगराव त्या कपाटाकडे न बघता पुढं गेले. सामान बाकाखाली सारून ते तिच्यासमोर टेकले. पंधरा मिनिटं होती. सुप्रीतानं जॅकेट काढून मांडीवर घेतलं आणि लहान पोरानं नवं खेळणं तपासावं तसे खिसे मोजू लागली. बाहीवरचा. झडपेचा. कात्रीचा. मग तिचा हात पाठीच्या अस्तरावरून फिरला, पुन्हा फिरला.

"अप्पा, दहाच आहेत. अकरावा?"

"अकरावा नव्हता," फत्तेसिंगराव म्हणाले. आपला आवाज कुणी दुसऱ्यानं काढल्यासारखा त्यांना ऐकू आला. "जॅकेटच नव्हतं, सुप्री."

ती हसली. मग हसू तोंडावर तसंच राहिलं, आणि डोळ्यांतून गेलं. "म्हणजे?"

"मी गेलोच नाही. याच स्टेशनवर उतरलो. पाणी भरायला. गाडी गेली."

"हुबळी?"

"नाही."

"केंपा?"

"लांबून बघितला होता. झोपला होता. नाव मी ठेवलं."

"मग तीन महिने कुठं होता तुम्ही?"

"अकरा दिवस. नंजनगूडला. मावशीच्या घरी चिंचा फोडत होतो."

शेजारच्या बाकावर कुणीतरी डबा उघडला, फोडणीच्या लिंबू-भाताचा, चित्रान्नाचा वास आला. सुप्रीता त्यांच्याकडे बघत होती, जसं माप चुकल्यावर गिऱ्हाईक बघतं, रागानं नव्हे, आता काय करायचं अशा नजरेनं. राग मागून आला. "मी नोकरी सोडली अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी नोकरी सोडली. आणि तुम्ही आज सांगता? गाडीत बसल्यावर?"

"उतर मग," ते घाईघाईनं म्हणाले. "अजून वेळ आहे. कारखान्यात जाऊन बोलू, घेतील परत. काही बिघडलं नाही. मी घेतो बॅग, तू नुसती..." आणि ते खाली वाकले सुद्धा. बॅगेच्या पट्ट्यावर हात गेला, आणि तिथंच थांबला. म्हणजे हे होतं तर. कालपासून ज्याला ते खरेपणा समजत होते, त्याच्या पोटात हे बसलं होतं, तांब्यातल्या पाण्यासारखं साळसूद. एकदा पोरगी उतरली की सगळं जमलं. मग घरात उतरलेली माणसं दोन झाली असती, आणि एकाला एकटं वाटलं नसतं. फत्तेसिंगरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. पट्ट्यावरचा हात आता थरथरत होता. चांगला दिसेल असा थरथरत होता.

सुप्रीतानं तो धरला. तिचाही थरथरत होता. दोन्ही हात काही वेळ तसेच एकमेकांत हलत राहिले.

"हौदा, असं होय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. "म्हणजे असं थरथरतच जायचं असतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आठ दिवस मी बाथरूममध्ये जाऊन हात बघत होते अप्पा."

शिट्टी झाली.

"उतरा आता," सुप्रीता म्हणाली. "मी नाही उतरत. तुम्ही उतरा. आणि फोन करू नका. मला राग आहे अजून. मी करीन तेव्हा करीन."

फत्तेसिंगराव उतरले. एक्केचाळीस वर्षांनी त्याच स्टेशनवर, तसेच. गाडी तशीच हळू हलली, म्हातारासुद्धा चढला असता इतकी हळू, आणि आता ते म्हातारे होतेही. पाय एकदा पुढं झाला. त्यांनी तो मागं घेतला. या वेळी मागं घ्यायलाच ताकद लागली. खिडकी समोरून गेली तेव्हा सुप्रीता त्यांच्याकडे बघत नव्हती. जॅकेट उलटं करून ती पाठीचं अस्तर बोटांनी चाचपत होती. ती पुढं गेली, शेवटचा डबा गेला, रूळ दिसले. तिला पुढं काय होईल हे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि आता सिंहाचा आधारही त्यांनीच काढून घेतला होता.

दुकानात आले तेव्हा पायरीवर आभा उभी होती, वल्लरीची आई. पुण्याहून आलेली, कंपनीत कामाला, शनिवारी तेवढा वेळ मिळणारी. "काका, स्कर्ट झाला का? सोमवारी लागेल हो तिला." एरवी फत्तेसिंगरावांनी वीज गेली होती, मशिन अडलं होतं, असं काहीही सहज सांगितलं असतं, तोंडाला सवय होती. त्यांनी निळे तुकडे काढून तिच्यापुढं ठेवले. "मी चुकलो. माया सोडायची राहिली. शिवला तर दोन महिन्यांत आखूड होईल. नवीन कापड माझं, उद्या संध्याकाळी देतो. माप एकदा परत घेऊ दे." आभा जरा चकित झाली. "अहो, होतं असं कधीतरी," म्हणाली आणि फोन आला तशी पायरी उतरून बाहेर गेली.

वल्लरी स्टुलावर उभी राहिली. टेप कमरेला लागली मात्र, ती वळवळायला लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग वाट बघून थकल्यासारखी म्हणाली, "आजोबा, आज सिंह नाही?"

"नाही."

"कुठं गेला?"

फत्तेसिंगरावांनी टेबलाकडे पाहिलं. फोन उपडा पडला होता. सुप्रीताची गाडी बेंगळुरूच्या वाटेवर मंड्याच्या आसपास असेल. त्यांनी टेप पुन्हा नीट धरली. "एक मुलगा होता," ते म्हणाले. "तो लांब जायला निघाला. गाडीत बसला. आणि त्याला तहान लागली."

वल्लरी थांबली. "मग?"

"मग तो पाणी भरायला खाली उतरला."

"आणि गाडी सुटली?"

"सुटली. हळूहळू सुटली. पळाला असता तर मिळाली असती."

"मग तो पळाला का नाही?"

"घाबरला होता."

ती इतकी निश्चल उभी होती की टेप जराही सरकली नाही. सिंहाच्या वेळी ती डोळे विस्फारायची; आता ते बारीक झाले होते, दूरचं काहीतरी नीट दिसावं तसे. "मग तो कधीच गेला नाही?"

"नाही. पण पुढं त्याला एक मुलगी झाली. ती मोठी झाली, तीही त्याच स्टेशनवर आली, गाडीत बसली. तीही घाबरली होती. तिचे हात असे थरथरत होते." त्यांनी हात पुढं करून दाखवला, दाखवायला मुद्दाम काही करावं लागलं नाही.

"ती उतरली?"

"नाही."

"मग? पुढं काय झालं तिचं?"

"पुढचं मला अजून ठाऊक नाही," फत्तेसिंगराव म्हणाले. त्यांनी कानावरचा खडू काढला, लांबीच्या आकड्यात चार बोटं वाढवली, आणि उपडा फोन सुलटा करून ठेवला.